नऊशे बारा वेळा एकच नाव

कोंडाजीची नात सुरभी पदवीधर झाली, घराण्यातली पहिली, ते साल दोन हजार तेवीस. त्याच पावसाळ्यात चौकला जुन्या हायवेवर, टायरच्या गॅरेजशेजारी, डॉ. हेरंब निळकंठे अवतरले आणि शेलूपासून खोपोलीपर्यंतचे आजारी लोक सकाळी सातपासून त्यांच्या दारात रांग धरू लागले.

आत भिंतभर काचेच्या चौकटी होत्या. चौकटींत इंग्रजी लेख. कंपाउंडर माइक धरून सांगे, "साहेबांचे एकशे सहा शोधनिबंध हायत, सगळे कॅन्सरवर. आन् जगातल्या संशोधकांनी आपल्या लेखांत साहेबांचं नाव नऊशे बारा वेळा घेतलंय. सहस्रनामाला अठ्ठ्याऐंशीच कमी."

लोक हात जोडत. बाया चौकटीला हळदकुंकू लावत.

कोंडाजीची बायको सोनाबाई त्या रांगेत सात महिने बसली. तिच्या छातीत गाठ होती. मुंबईच्या इस्पितळाने ऑपरेशनची तारीख दिली, ती तिने चुकवली. दुसरी दिली, तीही चुकवली. निळकंठेंचा हिरवा काढा ती नेमाने पीत होती आणि सुपारीएवढी गाठ लिंबाएवढी झाली होती. तिसरी तारीख सोमवारची होती.

"सोमवारी जायाचं हाय," कोंडाजी म्हणाला.

"तुमी जा. नऊशे बारा शिकलेली माणसं येडी हायत व्हय?"

कोंडाजी अक्षरं शिकला पंचावन्नाव्या वर्षी, साक्षरतेच्या वर्गात. त्याला झरझर वाचता येत नसे. बोट ठेवून तो वरपासून तळापर्यंत जाई, बारीक टाइपसुद्धा सोडत नसे. इंग्रजी तर येतच नव्हतं. पण रांगेत बसून बसून त्याने एक पाहिलं. प्रत्येक लेखाच्या शेवटी नावांची यादी होती आणि तीत एकच नाव पुन्हा पुन्हा येत होतं. पहिलं अक्षर म्हणजे दोन खांब, मधे तिरकी दांडी. दारावरच्या पाटीवर तेच. एका चौकटीत त्याने मोजलं: चोवीस नावांत एकोणीस वेळा.

त्याने नातीला सांगितलं. सुरभी कर्जतला रक्त तपासायच्या लॅबमध्ये होती. तिने दोन दिवस रजा काढली, एकूण एक लेख फोनवर उघडला आणि शनिवारी आजोबांबरोबर चौकला आली.

"डॉक्टर, तुमचं नाव घेणारे हे संशोधक कोण?" तिने भर रांगेत विचारलं.

"देशोदेशीचे आहेत, बाळ."

"मी मोजलेत. नऊशे बारांपैकी आठशे सत्तर वेळा तुम्ही स्वतःच. उरलेले तुमच्या पत्नी आणि हे लेख छापणाऱ्या मासिकाचे संपादक."

"मंग?" कंपाउंडर फुशारकीने म्हणाला. "संपादक साहेबांचे सख्खे मेव्हणे हायत."

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. निळकंठेंनी चष्मा पुसला. "विज्ञान असंच चालतं. आपल्या मागच्या कामाचा दाखला द्यावा लागतो."

"लागतो. पण एखादा दाखला परक्या माणसानेही द्यावा, स्वतः करून बघून."

"आमच्या पुढाऱ्याचा वाढदिवसाचा बॅनर असतो," कोंडाजी म्हणाला. "वर त्याचा फोटू, खाली शुभेच्छुक म्हून त्याचेच भाऊ. पर तो सोताचं नाव शुभेच्छुकांत नाय घालत. येवढी लाज त्यालाबी हाय."

"आणि एकाही लेखात माणूस नाही," सुरभी म्हणाली. "बशीत कॅन्सरच्या पेशी घेतल्या, वर काढा ओतला, पेशी मेल्या. फिनेल ओतलं असतं तरी मेल्या असत्या. मग फिनेल प्यायचं का?"

निळकंठेंना पुण्यातली तातडीची बैठक आठवली. ते मागच्या दाराने गेले. रांगेतल्या सफुराबीने हातातली काढ्याची बाटली तिथेच मोरीत रिकामी केली.

सोनाबाई रांगेतून उठली. मग तिने सुरभीला विचारलं, "सोमवारी किती वाजताची गाडी हाय गं?"

छापलेलं दिसलं की आपण हात जोडतो, आकडा मोठा असला की माथा टेकतो. एवढं करा: नाव कुणी घेतलं ते बघा. औषधाने किती माणसं बरी झाली आणि ती कुणी मोजली, ते विचारा. विचारायला इंग्रजी लागत नाही.

ऑपरेशन झालं. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी कोंडाजीला सांगितलं की पहिल्या तारखेला गाठ एकाच जागी होती. आता ती काखेत आणि फुप्फुसात गेली आहे.

सोनाबाई ११ मार्च २०२५ला, मंगळवारी सकाळी, घरी वारली.