रिकामा पंप

ड्रायव्हरकाकांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण गल्लीत अजून त्यांना ड्रायव्हरकाकाच म्हणतात. भरलेली बस घाटातून चढवताना ते कधी दमले नव्हते, एवढे आता न्याहारीच्या आतच दमतात. काकूंची डावी बाजू गेल्यापासून सगळं घर त्यांच्या गळ्यात आलं होतं. काकूंना उठवायचं, आंघोळ घालायची, वेणी घालायची (ती सुतळी वळल्यासारखी व्हायची, पण काकू चालवून घेत), मग चहा, गोळ्या, धुणं, स्वयंपाक. एवढं करून जरा पाठ टेकावी म्हटलं, तर बाग वाट बघत असायची.

बाग म्हणजे घरापुढची चार झाडं, पण त्यांच्या अंगाखांद्यावर काकूंची ऑर्किडं. हातीपायी धड होत्या तेव्हा काकूंनीच शिडीवर चढून ती बांधलेली. खाली नारळाचा काथ्या, वर रोप, आणि बांधायला काकांच्या जुन्या बनियनच्या पट्ट्या. दोरीवरून बनियन गायब झालं की काका समजून जात, आज आणखी एक पाहुणी झाडावर चढली. पुढे मुळं सालीला घट्ट धरत, पट्टी कुजून गळून पडे, आणि मग ते रोप त्या झाडाचंच होऊन जाई. ओढून काढायला जावं तर मुळं तुटतात आणि रोप मरतं.

घोडं अडलं होतं ते इथेच. आमच्याकडे राहायला या म्हणून लेक कधीची मागे लागली होती. तिच्याकडे लिफ्ट होती, दिवसभरासाठी ती बाई ठेवणार होती. काका एका पायावर तयार होते. काकू मात्र दर वेळी एकच विचारत, "आणि माझ्या झाडांचं काय?" त्यापुढे बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

म्हणून काका रोज फवारणीचा पंप भरून पाठीवर घेत, गुडघ्यांना शिव्या घालत जिना उतरत आणि लांब नळीनं झाडं भिजवत. काकू वरच्या खिडकीत खुर्चीवर बसून चांगल्या हातानं गजावर काठी वाजवत. एकदा वाजली की अजून वर, दोनदा वाजली की पुरे. आयुष्यभर काकांनी आरशात बघून मागच्यांवर नजर ठेवली होती, आता मागून त्यांच्यावर नजर होती. त्यांनी एक दिवसही चुकवला नव्हता. तरी काकू आजारी पडल्यापासून एकाही रोपाला फूल म्हणून आलं नव्हतं. कांड्यांच्या पेरांवर नुसती बारीक बारीक पिल्लं फुटायची. वंश वाढतोय म्हणून काका तेवढ्यावरच खूश होते.

या खेपेला थंडी पडली आणि चाफ्यावरच्या ऑर्किडची पानं पिवळी पडून गळाली. राहिल्या नुसत्या उघड्या कांड्या, वाळक्या काटक्यांसारख्या. काका खाली उभे राहून बघत राहिले आणि त्यांच्या मनात पाप आलं. ही आपोआप मेली तर? कुणी कुणाला काही बोलायला नको, सुंठीवाचून खोकला जाईल.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पंप भरलाच नाही. रिकामाच पाठीवर घेतला, दांडा खालीवर केला, नळी झाडावर फिरवली. फुसफुस हवा तेवढी निघाली. वर बघायचा धीर झाला नाही. पण काठी दोनदा वाजली, तीही नेहमीपेक्षा लवकर. काका सुटलो म्हणून वर आले आणि काकूंना ताजा चहा करून दिला.

सगळी थंडी हे नाटक चाललं. चोराच्या मनात चांदणं, त्यामुळे काका पंपाच्या ओझ्यानं वाकल्यासारखंही करत. काठी रोज लवकर वाजे. काकांना वाटे, हीदेखील थकली आता.

मग एका सकाळी ते चाफ्याखाली गेले आणि तिथेच थांबले. मेलेल्या कांड्यांच्या पेरापेराला कळ्या होत्या. एखाददुसरी नव्हे, वरपासून खालपर्यंत. दोन तर उमलल्याही होत्या, फिकट जांभळ्या. काकांना आनंद झाला म्हणावं तर तसं नाही. पहिल्यांदा मनात आलं ते एवढंच, आता इथून सुटका नाही.

ते पंप तसाच घेऊन वर गेले. फुलं आल्याचं सांगितलं आणि जमिनीवरच बसले.

"दिसली मला," काकू म्हणाल्या. "त्यांना थंडीत पाणी नकोच असतं. तहानली तरच फुलतात. पाणी घालत राहिलं की नुसती पिल्लं धरतात."

काका पंपाचा पट्टा चाचपत राहिले. "म्हणजे तुला माहीत होतं?"

"ओली साल काळी पडते, इथून दिसते. यंदा थंडीत एक दिवसही काळी पडली नाही."

काकांनी मान वर केली नाही. मागचे दोन्ही हिवाळे त्यांनी कुडकुडत, बोटं बधिर होईपर्यंत या झाडांना न्हाऊ घातलं होतं. "मग तेव्हाच का नाही सांगितलंस? नका घालू म्हणून?"

"तुम्ही मला आंघोळ घालता, वेणी घालता. वर हेही चुकतंय म्हणून कुठल्या तोंडानं सांगू?"

काकांना रडू आलं. त्यांनी ते लपवलं नाही, लपवायचंही त्राण नव्हतं. काकूंनी काठी मांडीवर ठेवली आणि हात त्यांच्या डोक्यावर ठेवला.

"एकदा फुललेली बघायची होती," त्या म्हणाल्या. "सगळी उमलू देत. मग लेकीला फोन करा, येतो म्हणावं."

"आणि झाडांचं?"

"ती झाडांची झाली आता. पावसापाण्यावर जगतील." मग म्हणाल्या, "पण आज पंप भरून न्या. कळ्या आल्या की लागतं पाणी."

काकांनी पंप काठोकाठ भरला. जिना उतरताना गुडघे तसेच दुखत होते. चाफ्याची साल हळूहळू काळी पडत गेली. वरून काठी एकदा वाजली, आणि त्यांनी नळी अजून वर धरली.