आन्सेल्मची माती

वडिलांनी जाताना द्राक्षमळा दोघांत वाटला. चढावरचा पांढऱ्या चुनखडीचा तुकडा आन्सेल्मला, तिथे शार्डोने द्राक्षं. खालची तांबडी चिकणमाती त्याच्या थोरल्या बहिणीला, ओदीलला, तिथे गामे जातीची द्राक्षं. या वाटणीवरून दोघांचं असं बिनसलं की एकोणीस वर्षं नाताळालाही कुणी कुणाच्या दारात गेलं नाही.

जानेवारीतला एक दिवस तेवढा वेगळा. पावसाने वरची माती धुपून ओदीलच्या बांधाशी साचायची आणि आन्सेल्म पाठीवर टोपली अडकवून ती परत वर न्यायला यायचा. फ्रान्सच्या या बर्गंडी भागात हे बापजाद्यांपासून चालत आलेलं. हे काम होतं, भेट नव्हे, त्यामुळे दुपारी तिच्याकडे सूप प्यायला हरकत नव्हती. पिताना तो तिच्या जमिनीला नावं ठेवायचा. टोपलीत चुकून तांबडं ढेकूळ आलंच, तर जिभेला लावून परत फेकायचा.

"तुझं तुला लखलाभ. माझी शार्डोने असलं खात नाही."

ओदील या दिवसाची वर्षभर वाट बघायची. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

गेल्या वसंतात कुणा तज्ज्ञाच्या सल्ल्याने आन्सेल्मने वेलींच्या ओळींमध्ये गवत पेरलं. माती जागची हलेना. जानेवारी उजाडला तरी बांध झाडून ठेवल्यासारखा स्वच्छ. सगळ्या गावाने गवताचं कौतुक केलं. ओदीलने त्या गवताला मनातल्या मनात शिव्या घातल्या, फावडं उचललं आणि दोन दिवस खपून आपल्याच मळ्यातली माती बांधाशी ओढली. वरून कोंबड्यांच्या खुराड्यासाठी आणलेला चुना भुरभुरवला. मग पोस्टमनकरवी भावाला निरोप धाडला, की तुझी माती माझ्या वाटेत पडलीय, घेऊन जा.

आन्सेल्म आला. त्याने ढिगाऱ्यात हात घातला. हात तांबडा झाला. चिमूटभर माती त्याने जिभेवर ठेवली, पण या वेळी फेकली नाही.

"गवताने माती काही अडत नाही म्हणायचं," ओदील म्हणाली.

"दिसतंय खरं." त्याने टोपली खाली टेकवली. "माझीच आहे. यंदा जरा जास्तच वाहिली. दोन दिवस लागतील."

"सूप एकाच दिवसाचं केलंय."

"मग उद्या पुन्हा कर."

आणि पहिली टोपली भरून तो शार्डोनेच्या दिशेने चढू लागला.