चाळिसाव्या पानावरचा त्रिकोण

आमच्या गावी फिरत्या वाचनालयाची गाडी दर दुसऱ्या गुरुवारी चर्चपाशी थांबते. माझी धाकटी बहीण ग्वेनी अंथरुणाला खिळल्यापासून तिची पुस्तकं मीच आणायचे. तिला एकाच जातीची हवी असत: छोटं गाव, पाद्र्याच्या बागेत प्रेत, फारसं कोणी रडत नाही, वेळेवर चहा होतो आणि शेवटच्या पानापर्यंत सगळं जागच्या जागी येतं.

“असल्या खुनांत काय एवढं गोड लागतं तुला?” मी एकदा विचारलं.

“माझ्या आजारात खुनी आधीच ठाऊक आहे, हिल्डा. इथं तरी शेवटपर्यंत नको.”

जानेवारीत तिने एक पुस्तक उघडलं. पहिल्याच पानावर जांभळ्या पेन्सिलीने लिहिलेलं होतं, ‘खुनी माळी.’ तिने पुस्तक मिटून माझ्याकडे सरकवलं. “राहू दे.”

पुढची गाडी यायच्या आत ती गेली.

मी चाळीस वर्षं पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काढली. घाण कुठून आली ते सापडेपर्यंत मला चैन पडत नाही. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका वाचलेलं पुस्तक पुन्हा घरी येऊ नये म्हणून आत बारीक खूण करतात. कोणी अकराव्या पानाच्या तळाशी टिंब देते, कोणी आद्याक्षर. गाडीतली पंचावन्न पुस्तकं मी तपासली. सोळांत चाळिसाव्या पानावर जांभळा त्रिकोण होता. त्यातल्या नऊंत पहिल्या पानावर खुन्याचं नाव. त्रिकोण नसलेल्या एकाही पुस्तकात नाव नव्हतं.

पुढच्या खेपेला आमच्याच गावच्या होलरॉइडबाईंनी एक पुस्तक उचललं, थेट चाळिसावं पान उघडलं आणि “हे झालंय,” म्हणून परत ठेवलं.

“पहिल्या पानावर नावं तुम्ही लिहिता?”

“लहर आली की लिहिते! मी दोनशे पानं डोकं शिणवायचं आणि बाकीच्यांनी मजा मारायची?” त्या हसल्या. “ग्वेनीवर तर उपकारच झाले. पुस्तक संपायच्या आधीच गेली असती ना बिचारी!”

गाडी चालवणारा कॉलिन खाली बघत राहिला.

मी जांभळी पेन्सिल आणली. दर फेरीला त्रिकोण नसलेली आठ पुस्तकं घरी नेली. चाळिसावं पान, त्रिकोण, बाजू तीन मिलिमीटर, डावा कोपरा किंचित उघडा, त्या काढत तसाच. खुन्याचं नाव मात्र कुठेच लिहिलं नाही. इतर बायकांशी माझं वैर नव्हतं.

जूनमध्ये होलरॉइडबाई फळीसमोर उभ्या होत्या. एक पुस्तक, चाळिसावं पान, परत. दुसरं. सातवं.

“काय बाई, अख्खी गाडी वाचून काढलीत की!” कॉलिन म्हणाला.

त्या हसल्या नाहीत. माझ्याजवळ आल्या. “हिल्डा, खूण माझीच आहे गं. पण गोष्टीतलं एक अक्षरही आठवत नाही.” आवाज खाली गेला. “माझ्या आईचंही असंच सुरू झालं होतं.”

माझ्या खिशात खोडरबर होतं. बोटांना लागलं.

“यातला खुनी कोण, सांग ना.”

“पोस्टातली बाई,” मी म्हणाले. “मार्चमध्ये तुम्हीच नाही का मला सांगितलंत?”

मग घरी न्यायची पुढची आठ पुस्तकं कॉलिनपुढे नोंदीला ठेवली.