बिनखांबाचं छप्पर

मी एक जुना नमुना आहे. हसू नका! एखाद्या विक्षिप्त माणसाला तुम्ही म्हणता तसला नमुना नव्हे. मी लाकडी छपराचा नमुना आहे, जेवणाच्या टेबलाएवढा, आणि अगदी आत्ताआत्तापर्यंत वास्तुकला महाविद्यालयाच्या जिन्याखाली माझा मुक्काम होता. मित्रांनो, एके काळी मला बघायला गर्दी व्हायची बरं का!

मला तिघांनी घडवलं. ताई एका साधुपुरुषाच्या जुन्या चरित्रांवर संशोधन करत होती. भुसा लाकडी सांध्यांवर प्रबंध लिहीत होता. केस विस्कटलेले आणि त्यांत कायम लाकडाचा भुसा, म्हणून हे नाव. पट्टी इमारतींचे आराखडे काढायची; तिच्या पिशवीतून मोजपट्टी सदा डोकावायची. विषय तीन, पण वेड एकच. त्या साधूनं प्रार्थनेसाठी मोठं दालन बांधून घेतलं होतं. "मधे खांब नको, खांबाआड बसलेला माणूस एकटा पडतो," असं त्यानं सुतारांना बजावल्याचं चरित्रात होतं. दालन केव्हाच पडून गेलेलं. मोठमोठे अभ्यासक म्हणायचे, खांबाशिवाय एवढं छप्पर राहणं शक्यच नाही, भक्तांनी तिखटमीठ लावलंय. ते खरं ठरलं असतं, तर ताईची सगळी मेहनत पाण्यात गेली असती. म्हणून मला उभं राहून दाखवायचं होतं.

साधूच्या सुतारांनी झाडं तोडून लगेच काम सुरू केलं होतं, म्हणून भुशानंही ओलंच लाकूड आणलं. तुळया एकमेकींत अडकवल्या, लाकडी खुंट्या ठोकून घट्ट केल्या. काय रुबाब होता माझा! पण लाकूड वाळत गेलं, आकसलं आणि सांधे तडकले. मी मधोमध खाली आलो. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"मधे एक बारीकसा खांब देऊ," पट्टी हळूच म्हणाली. "कोण वाकून बघणारेय?"

"मी बघणारेय ना!" ताई भडकली.

दोघींचं कडाक्याचं वाजलं. भुसा सोडवायला गेला आणि दोघींची बोलणी खाऊन आला. मग अबोला.

एका दुपारी ताई आपल्या प्रबंधाची पानं मोठ्यानं वाचून तपासत होती. "छप्पर चढलं, पण साधूनं शेवटच्या खुंट्या ठोकू दिल्या नाहीत. सबंध उन्हाळा तो त्या अर्धवट छपराखाली बसून राहिला. शिष्य वैतागले..."

भुसा ताडकन उठला. "हे कुठल्या प्रकरणात घातलंयस?"

"संयमाच्या."

"अगं बाई, हा संयम नाही, हे ओलं लाकूड आहे! लाकूड वाळायची वाट बघत होता तो!"

कोपऱ्यात आराखडा काढत बसलेली पट्टी फिसकन हसली आणि अबोला तिथंच संपला.

माझ्यासाठी नव्या तुळया आल्या. खुंट्या मात्र सैलच ठेवल्या. "छप्पर वाळतंय म्हणून प्रबंध लांबला, असलं कारण मी जन्मात ऐकलं नाही!" असं म्हणत मार्गदर्शक सरांनी मुदत वाढवून दिली. तो उन्हाळा तिघांनी माझ्याशेजारी चहा पीत काढला. पट्टीनं पुठ्ठ्याची इवलीशी माणसं कापून माझ्याखाली बसवली. त्यांतलं एक विस्कटलेल्या केसांचं होतं. "हा मी?" म्हणत भुसा तिच्यामागे धावला होता. मित्रांनो, तसे दिवस मला पुन्हा दिसले नाहीत.

लाकूड पुरतं वाळल्यावर भुशानं खुंट्या घट्ट ठोकल्या. परीक्षेच्या दिवशी परीक्षकांनी जाडजूड ग्रंथ माझ्या पाठीवर रचले. मी कुरकुरलो, पण हललो नाही. ते वाकले, खालून बघितलं आणि म्हणाले, "खरंच खांब नाही की हो!" ताईला रडूच कोसळलं.

पुढे बरीच वर्षं नवे विद्यार्थी मला बघायला यायचे. मग ते येईनासे झाले आणि वरच्या वर्गातून मी जिन्याखाली आलो. माझ्यावर ओल्या छत्र्या वाळू लागल्या. एकदा वाऱ्यानं खिडकी आपटत होती, तर शिपाईमामांनी माझी एक खुंटी उपटून फटीत बसवली. मी खचलो. मामांना दया आली, त्यांनी माझ्या मधोमध विटा रचल्या. आता येणारेजाणारे म्हणू लागले, "बघा, शेवटी खांब लागलाच!" काय सांगू, फार लागायचं ते मनाला.

गेल्या आठवड्यात जिन्याखालचं सगळं भंगारात काढायचं ठरलं. ते कळताच ताई आली, पांढऱ्या केसांची, गुडघे धरत. ती वाकली.

"हा खांब कोणी दिला?"

"पडत होतं हो ते," मामा म्हणाले.

तिनं एकेक सांधा बोटानं चाचपला आणि रिकाम्या भोकाशी थांबली. "इथली खुंटी?" मामांनी जीभ चावली आणि खिडकीतून ती काढून आणली. त्यांनी मला दोन्ही हातांनी उचलून धरलं, ताईनं दगडानं खुंटी ठोकली. मग एकेक वीट काढली. मी उभा राहिलो!

विटांमागून पुठ्ठ्याचा एक माणूस निघाला, विस्कटलेल्या केसांचा. ताईनं पट्टीला फोन लावला. "पट्टे, उभा आहे गं अजून. हो, खांबाशिवाय." मग तो पुठ्ठ्याचा माणूस तळहातावर घेत म्हणाली, "भुसा असायला हवा होता आज."

मित्रांनो, एखादी जुनी वस्तू खचलेली दिसली तर भंगारात टाकू नका आणि घाईनं विटाही लावू नका. तिच्यातलं काय काढून नेलंय, ते आधी वाकून बघा. मी आता पुन्हा वरच्या वर्गात, उजेडात आहे. ताईनं भुशाला माझ्याखाली मधोमध बसवलंय. इतकी वर्षं बिचारा विटांआड एकटा होता.