सांभाळणाऱ्याने बाहेर थांबायचं

ऑपरेशननंतर छातीची एक बाजू सपाट झालेल्या बायकांसाठी ती आतले कपडे शिवायची. बायका मान खाली घालून मापं द्यायच्या आणि ती मापं ती कुणाच्या नजरेला पडू द्यायची नाही. आता लांबलांबून विचारणा येऊ लागली म्हणून वेबसाइट काढायचं ठरलं, आणि ती ठेवायची कुठे, भाड्याने जागा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर की घरच्या, यावरून घरात दोन तट पडले.

"मावशी, कंपनीकडे दे नि निवांत झोप," भाची फोनवर म्हणाली. "बंद पडली तर त्यांची माणसं धावतील."

"म्हणजे भाड्याची खोली!" नवरा मागून ओरडला. "दुसरी किल्ली मालकाकडे. आपला सर्व्हर आपल्या घरात. मी आहे ना!"

त्याची तीस वर्षं इस्पितळाच्या सर्व्हरखोलीत गेली होती, तेव्हा म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. शिवाय कित्येक महिन्यांत त्याचा आवाज असा चढला नव्हता. हल्ली हा माणूस गॅसवर दूध ठेवून पेपरात शिरायचा, तेच तेच विचारायचा. ती मनाशी म्हणायची, वय झालं. मी तरी कुठे चष्मा विसरत नाही?

पंधरा दिवस खपून त्याने शिवणयंत्राशेजारच्या फळीवर सर्व्हरचा छोटा डबा बसवला, वेबसाइट उभी केली, सगळं वहीत उतरवलं. मग म्हणाला, "आता चाचणी. सांभाळणाऱ्याने बाहेर थांबायचं आणि दुसऱ्याने नुसती वही वाचून बंद पडलेलं उभं करायचं. त्याशिवाय मी एकही यंत्र कामाला लावू दिलेलं नाही."

"अहो, मला त्यातलं काय कळतंय?"

"म्हणूनच तू. उद्या मी नसलो तर?"

त्याने डब्यातलं सगळं पुसून टाकलं, जपून ठेवलेल्या प्रतीचा पेनड्राइव्ह तिच्या हाती दिला आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.

पहिली पायरी जमली. दुसरीही. तिसरी होती, प्रत जोडा. चौथी, प्रत जोडा. तिने पान उलटलं. पुन्हा तेच, त्याच सुबक अक्षरात, खाली रेघ मारून. पासवर्डसमोर लिहिलं होतं, 'नेहमीचा'.

"झालं का गं?" दारापलीकडून आवाज आला. आवाजात उत्साह मावत नव्हता.

हो म्हणणं सोपं होतं. भाचीला गुपचूप फोन करून काहीतरी जमवता आलं असतं. पण भरवसा त्या बायकांनी टाकला होता, आणि नवऱ्याचं मन राखायला तो पणाला लावायचा हक्क तिला नव्हता.

"नाही झालं," ती म्हणाली.

"तुझंच कुठेतरी चुकलं असणार," म्हणत तो आत आला आणि वही ओढून वाचू लागला. पान उलटलं. मागे आला. पुन्हा उलटलं. मग खुर्चीत टेकला.

"हे मी लिहिलंय?"

"अक्षर तुमचंच आहे." तिचा हात त्याच्या खांद्यावर गेला. "घाईत होतं हो असं."

"घाई कसली? पंधरा दिवस लिहीत होतो."

शिवणयंत्रावर अर्धवट शिवलेली पट्टी तशीच लोंबत होती. त्याने खिशातलं पेन काढलं आणि पानाच्या तळाशी लिहिलं, 'चाचणी नापास'. सही केली.

"आज तारीख काय?"

तिने सांगितली. त्याने ती सावकाश लिहिली.

"कंपनीचं पान उघड," तो म्हणाला. "बायकांची मापं तिथे मागू नकोस, फोनवर विचार. आणि पासवर्ड तू ठरव. मला सांगू नकोस."