वळचणीतला पेला

कामठ्याजवळच्या त्या गावात दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला आलेल्या नाटकवाल्यांची आणि गावाची पंगत एकोणीस वर्षं हिरालालच्या अंगणात बसली. यंदा जत्रेच्या मंडळानं ती सुकराम गोंडाकडे दिली. कारण एकच, सुकरामचा वासाचा तांदूळ. भात शिजला की पार मुर्री गावापर्यंत वास जातो, असं लोक म्हणत. हिरालालचं त्या वासानं डोकं दुखे.

त्यानं हिशेब मांडला. बापाच्या काळी सुकरामचा बाप मळणीला यायचा, तेव्हा त्याचा चहा वळचणीत खोचलेल्या वेगळ्या पेल्यात. पेला धुवायचा त्यानंच, परत खोचायचा त्यानंच. अशाच्या घरी गाव जेवेल? पंगत रिकामी उठेल आणि पुढच्या वर्षी मंडळ हात जोडत आपल्याच ओसरीवर येईल. हिशेब चोख होता, फक्त चाळीस वर्षं जुना होता.

दुपारी तो ओसरीवर बसून जाणारे मोजू लागला. केशोराव गेला. गुलाबचंद पोरासोरांसकट गेला. देवळात कुणाचा धक्का लागला तरी पुन्हा आंघोळ करणारा मुन्नालाल तर धावतच गेला. शेवटी बायको, धुरपताबाई, नवं लुगडं नेसून निघाली.

“तू कायले जाऊन राहिली?”

“जेवाले. बसा तुमी बोटं मोजत.”

घरची चूल थंड होती. हिरालालही उठला. जाताना मात्र पितळी लोटा पाण्यानं भरून घेतला. बाप गोंडटोल्यात, सुकरामच्या वस्तीत, गेला की पाणी घरचंच न्यायचा.

अंगणात सुकरामनं लोटा हातातून घेतलाच. “बरं केलं हिरालालभाऊ, भांडं आणलं. गिलास कमी पडून राहिले.”

लोटा केशोरावाकडून नटांकडे, तिथून सुकरामच्या म्हाताऱ्या आईकडे गेला, पुन्हा भरला, पुन्हा फिरला. हिरालालपाशी आला तेव्हा मिरचीच्या ठेच्यानं त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. अख्खी पंगत बघत होती.

“प्या, प्या,” धुरपताबाई पलीकडून म्हणाली. “बाटला तर उद्या घासून देईन.”

तो घटाघटा प्याला. भात त्यानं तीनदा मागितला आणि दर खेपेला जास्तच चिडला.

सकाळी लोटा आणायला गेला, तेव्हा दारातच त्याची नजर वर गेली. लोटा वळचणीत खोचलेला असणार, याची त्याला खात्री होती. मग सुकरामही दुसऱ्याचं भांडं वेगळं ठेवतो, हे गाव बोलावून दाखवता आलं असतं.

वळचणीत नुसता विळा होता. लोटा आत, सुकरामच्या भांड्यांत, चिंचेनं घासून चकचकीत. चहा आला तो सुकरामच्या हातात होता तसल्याच कपात. हिरालालनं कप चहूबाजूंनी न्याहाळला. भांडायला काहीच सापडेना.

“पुढच्या वर्षी पंगत माझ्याकडे,” तो म्हणाला. “तांदूळ तेवढा तुझा दे.”

“देईन ना. पण हिरालालभाऊ, मी कुठी बसू?”

हिरालालनं उरलेला चहा एका घोटात संपवला.

“माझ्या बाजूले बस,” तो म्हणाला. “किती खातो ते तरी दिसल मले.”