तिकोनी रोटरवरच्या अक्षता

आमची माय मला एरवी फार आवडते, पण खंडेनवमीच्या दुपारी मी तिच्यावर अशी ओरडले की समोरचा टायरवाला रस्ता ओलांडून आला.

मी जेवायला गेले तेवढ्यात तिनं गॅरेजमधल्या पान्यांची पूजा केली, आणि पान्यांबरोबर उघड्या इंजिनाचीही. हळद, कुंकू, झेंडू, वर अक्षता! आणि इंजिन कुणाचं? नथमलशेठच्या मुलाच्या, नमनच्या स्पोर्ट्स कारचं. या लाडोबानं ती सुरतेहून सेकंडहँड आणली आणि दोन महिन्यांत तिचा दम गेला. त्या इंजिनात पिस्टन नसतात. तिकोनी रोटर गरागरा फिरतात आणि टोकांवरच्या बोटभर पट्ट्या भिंतीला घासत दाब धरतात. एक पट्टी मोडली की भिंत खरवडलीच, आणि ती दुरुस्त होत नाही.

मोठ्या शहरांतल्या मिस्त्रींनी हात वर केले, तेव्हा म्हसावदच्या आमच्या ट्रॅक्टर गॅरेजात "मी करते" म्हणणारी शहाणी मीच. चार महिने व्हिडिओ बघून शिकले. बाबांचे हात आता थरथरतात. त्यांनी साफ सांगितलं होतं, हे इंजिन माझ्या हातून चाललं तर गॅरेज माझं, नाहीतर दिवाळीनंतर गाळा मोबाइलवाल्याला.

मायनं इंजिनातून पाच दाणे वेचून दाखवले. "पाचच व्हतात, पोरी."

"मोजून वाहिले होतेस का?" मी विचारलं. ती पुन्हा वाकून इंजिनात बघू लागली. मी तीनदा हवा मारली आणि इंजिन जोडून बंद केलं. आतल्या रबरी रिंगा जपानहून आलेल्या, एकच जोडी. एकदा दाबल्या की पुन्हा वापरता येत नाहीत, म्हणजे इंजिन परत खोललं की त्या गेल्या.

आत राहिला असेल आणि पट्टी मोडेल, असा सहावा दाणा पुढचे वीस दिवस माझ्या डोक्यात फिरत होता. ताटात भात दिसला की मी उठायचे. शेवटी मायनं भात करणंच सोडलं. तरी "जाऊ दे, माय" एवढं माझ्या तोंडून निघालं नाही. तिचं तोंड सुकत गेलं, ते मी बघत होते.

पाडव्याला शेठ नारळ घेऊन आले. इंजिन गाडीत बसलेलं, चावी माझ्या हातात, आणि हात काही पुढे जाईना.

"नाही शेठ," मी म्हणाले. "मी परत खोलते."

"अगं, मुहूर्त टळतो आहे!" शेठ तडकले. नमन म्हणाला, "ताई, इतकी भीती होती तर हो कशाला म्हणालात?" बाबांनी शेठच्या हातातला नारळ घेऊन बाजूला ठेवला. तेच जास्त लागलं.

भाऊबीजेला इंजिन खोललं. शेठ खुर्ची टाकून समोर बसले. पहिला रोटर स्वच्छ. दुसराही स्वच्छ. दाणा कुठेच नव्हता. मग मी पट्ट्या एकेक दाबून पाहिल्या, आणि एक वर उठेना. खाली स्प्रिंग उलटी बसलेली. चावी फिरवली असती तर तीच पट्टी मोडली असती. आणि ती बसवली होती मी, अक्षता पडायच्या आदल्या दिवशी.

माय दारातून म्हणाली, "सापडना का दाणा? मन्हीच चूक शे, शेठ. पोरीले बोलू नका."

शेठ मान हलवू लागले. "बायकांनी इंजिनात तांदूळ टाकल्यावर दुसरं काय होणार!"

मी फक्त गप्प बसले असते तरी पुरे होतं. बाबांनाही पटलं असतं, गॅरेजही राहिलं असतं. मी मायकडे पाहिलं आणि माझी मलाच लाज वाटली.

"दाणा नाहीच," मी म्हणाले. "स्प्रिंग मी उलटी बसवली. मायचा काही दोष नाही. वीस दिवस तिला उगाच छळलं मी."

शेठ ताडकन उठले. "नमन, ट्रक बोलाव. गाडी घरी."

बाबा पहिल्यांदा बोलले. "नव्या रिंगा येवाले दीड महिना लागी, शेठ. इंजिन पोरगीच जोडी."

"आणि पुन्हा चुकली तर?"

"चुकनी तर सांगी ती, आज सांगं तसं," बाबा म्हणाले.

शेठनी नमनला हातानंच थांबवलं आणि ते परत खुर्चीत बसले. मला रडू फुटलं, सगळ्यांसमोर, आणि मी ते आवरलं नाही.